सालीतलं तेल सांभाळा: संत्रं-सुंठीची बिस्किटं

संत्र्याची साल चिमटली की बारीक फवारा उडतो, मुलं एकमेकांच्या डोळ्यांत उडवतात तो. या बिस्किटांचं सगळं भांडवल तेच आहे. सालीच्या रंगीत थरात तेलाच्या इवल्या पिशव्या असतात आणि आपण संत्र्याचा म्हणून जो वास ओळखतो तो बहुतेक त्या तेलाचा असतो. रसात असतं ते पाणी, साखर आणि आंबटपणा. म्हणून पिठात अर्धी वाटी रस ओतून केलेली बिस्किटं भाजल्यावर संत्र्याची लागतच नाहीत, नुसती चिवट होतात. रसातल्या पाण्याने मैद्यात ग्लुटेन, म्हणजे प्रथिनांचं चिवट जाळं, तयार होतं आणि रसाचा होता नव्हता तो वास ओव्हनमध्ये उडून जातो. तेव्हा हे तेल पिठात उतरवायचं कसं आणि भाजताना टिकवायचं कसं, याच एका गोष्टीवर इथलं प्रत्येक माप ठरलेलं आहे.

पुण्यात दिवाळीच्या सुमारास मंडईत नागपुरी संत्री दिसू लागतात आणि पुढे मृग बहराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलोरा येऊन धरलेला, माल उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत येत राहतो. नागपुरी संत्र्याचा वास या कामाला उत्तम, पण साल सैल आणि मऊ असल्यामुळे किसणीवर ती नीट किसली न जाता फाटते. उपाय सोपा आहे: संत्री तासभर फ्रीजमध्ये ठेवायची. साल कडक होते आणि किसणी तिच्यावरून सरळ फिरते. फुगलेलं, आत पोकळी जाणवणारं संत्रं खायला चालेल, किसायला घेऊ नये. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या किनू जातीच्या संत्र्याची साल घट्ट असते, ती किसायला सोपी; वास मात्र जरा उग्र. मोसंबीचा वास फिका पडतो, तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये. कागदी लिंबाची साल पातळ आणि कडवटपणाकडे झुकणारी, पण संत्र्याच्या जोडीला एका लिंबाची साल हवीच. संत्र्याचा वास गोडसर असतो, लिंबामुळे त्याला धार येते. ईडलिंबू वासाला फार छान, पण त्याच्या सालीखालचा पांढरा थर जाड आणि कडू असतो. हात हलका असेल तरच त्याच्या वाटेला जावं.

चकचकीत दिसणाऱ्या फळांवर बऱ्याचदा मेणाचा थर दिलेला असतो. कोमट पाण्यात फळ मिनिटभर ठेवून जाडसर फडक्याने चोळून घ्यायचं आणि अगदी कोरडं पुसायचं. उकळतं पाणी नको, त्याने साल मऊ पडते आणि तेलही सुटू लागतं.

किसायला मोठ्या भोकांची खोबरं-गाजराची किसणी चालत नाही, ती साल खोलवर कापते. तुळशीबागेत बारीक दातांची लांब किसणी मिळते ती घ्यावी, नाहीतर घरातली जायफळाची किसणी वापरावी. वेळ लागतो, पण काम चोख होतं. फळ अखंड असतानाच, एका जागी एकदाच किसणी फिरवून फळ लगेच वळवायचं. पांढरं दिसू लागलं की थांबायचं. किस साखरेच्या भांड्यावरच पाडायचा, म्हणजे किसताना उडणारं तेल ताटलीला न लागता साखरेत जातं. उटण्यासाठी वाळवून ठेवलेल्या सालींची पूड मात्र इथे कामाची नाही. वाळताना ताजा वास उडून जातो आणि मागे कडूपणा राहतो.

आता मापं. साधारण ३६ छोटी बिस्किटं होतात. मैदा २०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १२५ ग्रॅम, साधी साखर ९० ग्रॅम, दोन मध्यम संत्र्यांची साल आणि एका लिंबाची, बेकिंग पावडर पाव चमचा, मीठ पाव चमचा, थंड दूध एक ते तीन चमचे. मसाल्यात सुंठपूड एक चमचा, दालचिनीपूड अर्धा चमचा, सहा-सात वेलदोड्यांचे दाणे, दोन लवंगा आणि दोन चिमटी किसलेलं जायफळ. चमचा म्हणजे ५ मिलीचा, सपाट भरलेला. मैदा वाटीने मोजू नका. दाबून भरलेल्या आणि अलगद भरलेल्या वाटीत सहज २५-३० ग्रॅमचा फरक पडतो आणि एवढ्या फरकाने बिस्किट एकतर पसरतं, नाहीतर भुकणा होतो. घरी वजनकाटा नसेल तर या एका कामासाठी घ्यावा, इतकं ते महत्त्वाचं आहे.

साखर साधी, दाणेदारच घ्यायची. किसलेली साल तिच्यात घालून बोटांनी दोन-तीन मिनिटं चोळायची. साखरेचे कोरदार कण तेलाच्या पिशव्या फोडतात, साखर ओल्या वाळूसारखी होते आणि तिला फिकट केशरी रंग चढतो. सगळ्या कृतीत वासासाठी याहून मोलाची पायरी नाही. तयार पिठीसाखरेने हे साधत नाही, कारण तिला खरखरीतपणाच नसतो. चोळलेली साखर झाकून वीस मिनिटं ठेवायची, मग वेलदोड्याचे दाणे आणि लवंगा घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत तीन-चारदा फिरवायची. आपल्याकडची साखर जाड असते, तशीच वापरली तर बिस्किटात ती पूर्ण विरघळत नाही आणि दाताखाली येते. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि चोळून काढलेलं तेल वाफेवर जातं, म्हणून थांबत थांबत.

मसाल्यांबद्दल दोन शब्द. सुंठ घरी कुटली तर धागे राहतात, ते जिभेला टोचतात. वस्त्रगाळ केलेलीच घ्यावी. बाजारात दालचिनी म्हणून मिळते ती बहुधा जाड सालीची, कडक, तिखटसर असते. पातळ पापुद्र्यांच्या सुरळीची दालचिनी सौम्य असते आणि लिंबू-संत्र्याबरोबर जास्त शोभते. लवंग दोनच. तिसरी घातली की संत्रं मागे पडतं आणि जीभ हलकी बधिर होते. कच्च्या पिठाची चव घेऊन मसाला वाढवायचा मोह होतो, तो टाळा. ही बिस्किटं दुसऱ्या दिवशी जास्त मसालेदार लागतात, पहिल्या दिवशी अंदाज फसतो.

बटर किती मऊ हवं, हे पुण्यात महिन्यावर ठरतं. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बोटाला तेलकट चकाकी लागू नये. तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत सकाळी ओट्यावर अर्धा-पाऊण तास ठेवलं की बरोबर होतं. एप्रिल-मे महिन्यात दहा मिनिटांतच ते वितळायला लागतं, तेव्हा फ्रीजमधून काढून चौकोनी तुकडे करायचे आणि लगेच कामाला लागायचं, भांडंही आधी फ्रीजमध्ये ठेवून. वितळलेलं बटर परत गोठवून वापरलं तर त्यातलं पाणी आणि स्निग्धांश वेगळे झालेले असतात आणि बिस्किट तेलकट होतं. मिठाचं पिवळं बटर घेतलंत तर वरचं मीठ गाळा. साजूक तूप वापरायचं असेल तर १०० ग्रॅम पुरे, कारण बटरमध्ये सुमारे ८० टक्केच स्निग्धांश असतो. कमी पडणाऱ्या पाण्यासाठी चार चमचे दूध घालावं. तुपातली बिस्किटं नानकटाईच्या अंगाने जातात, खुसखुशीत आणि तोंडात विरघळणारी, पण तुपाचा वास लिंबावर मात करतो. सालीच्या तेलाला उठाव हवा असेल तर बटरच घ्यावं.

बटर आणि मसाल्याची साखर एकत्र करून लाकडी चमच्याने किंवा बीटरने दोन मिनिटं फेटायचं. केकसारखं फुलवायचं नाही. जास्त हवा शिरली की बिस्किट आधी फुगतं, मग बसतं आणि कडेने पसरतं. मैदा, कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर, मीठ, सुंठ, दालचिनी आणि जायफळ दोनदा चाळून त्यात घालायचं आणि बोटांच्या टोकांनी गोळा करायचं. मळायचं नाही. पीठ मुठीत दाबल्यावर एकत्र राहत नसेल तर दूध घाला, एकेक चमचा. दुधाऐवजी इथे संत्र्याचा रस घालू नका. आंबटपणामुळे बिस्किटाला खरपूस रंग यायला वेळ लागतो आणि रंगाची वाट बघत आपण ते जास्त भाजून बसतो.

गोळ्याचे दोन भाग करून सुमारे १५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर जाड अशा दोन सुरळ्या वळायच्या. वळताना दाब सारखा द्या, नाहीतर आत पोकळी राहते आणि कापल्यावर मधे भोक दिसतं. बटर पेपरमध्ये गुंडाळून किमान दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. एवढ्या वेळात बटर घट्ट होतं, मैदा ओलावा नीट शोषून घेतो आणि तेलाचा वास स्निग्धांशात मुरतो; सालीचं आणि मसाल्यांचं तेल पाण्यात उतरत नाही, स्निग्धात उतरतं. रात्रभर ठेवलंत तर आणखी चांगलं.

कापायला पातळ धारदार सुरी, जाडी ८ मिलिमीटर. कापताना तुकडे पडत असतील तर सुरळी फार गार आहे, पाच मिनिटं बाहेर ठेवा. सुरीखाली दबून चपटी होत असेल तर परत फ्रीजमध्ये. दर चार-पाच कापांनंतर सुरळी थोडी फिरवली की एकच बाजू दबून सपाट होत नाही.

ओटीजी, म्हणजे घरगुती छोटा विजेचा ओव्हन, १६५ अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवायचा. दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार झाला असं नाही, आतल्या भिंती आणि जाळी तापायला त्याहून वेळ लागतो. घरगुती ओटीजीचा काटा १५-२० अंशांनी इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे, त्यामुळे आत ठेवायचा छोटा थर्मामीटर फार उपयोगी पडतो. दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खाचेत, बिस्किटांमध्ये दोन बोटं अंतर. नवव्या मिनिटाला ट्रे फिरवायचा, कारण दाराकडची बाजू कमी भाजते. एकूण १४ ते १६ मिनिटं. कडा फिकट सोनेरी आणि मध्य पांढरट असतानाच बाहेर काढा. त्या वेळी बिस्किट मऊ लागतं, पण ट्रेवरच दहा मिनिटांत कडक होतं. पूर्ण तांबूस होईपर्यंत थांबलात तर सालीचा ताजेपणा गेला आणि मसाला करपला म्हणून समजा. खालची बाजू लवकर काळी पडत असेल तर ट्रे एक खाच वर घ्या, किंवा काळ्या ट्रेखाली दुसरा ट्रे ठेवा. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवर, लहान स्टँडवर, १६० अंशांना. नुसत्या मायक्रोवेव्हवर ही बिस्किटं होत नाहीत. दुसरी खेप गरम ट्रेवर कधीच लावू नका. भाजायला लागण्याआधीच बटर वितळतं आणि सगळी बिस्किटं एकमेकांना चिकटतात. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर आहे, तेवढ्याने बेकिंग पावडर किंवा तापमान बदलायची गरज पडत नाही.

ओव्हनमध्ये थोडं तेल उडणारच, कितीही जपलं तरी. ती कसर वरच्या साखरी लेपाने भरून निघते आणि रसाची खरी जागा इथे आहे. पिठीसाखर १०० ग्रॅम, संत्र्याचा रस दोन चमचे, लिंबाचा एक चमचा आणि वेगळ्या अर्ध्या संत्र्याची ताजी किसलेली साल. चमच्याने उचलल्यावर धार जाड रिबिनीसारखी पडायला हवी, लागला तर आणखी अर्धा चमचा रस. पूर्ण गार झालेल्या बिस्किटांवरच लावायचा. कोमट बिस्किटावर तो पातळ होऊन वाहतो आणि सुकल्यावर पांढरे डाग पडतात. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत दोन तासांत सुकून खुट्ट होतो. जुलै-ऑगस्टमध्ये लेपाच्या फंदात पडू नका, तो चिकटच राहतो आणि बिस्किटाला ओलावा देतो.

काही चुका चटकन ओळखता येतात. कडू चव आली तर पांढरा थर किसला गेलाय किंवा खाली करपलंय. साबणासारखी चव लागली तर बेकिंग पावडरच्या जागी सोडा पडला असणार. बिस्किट दगडासारखं झालं तर पीठ मळलं गेलं, किंवा दूध जास्त झालं. सगळं बरोबर करूनही वास कमी वाटला तर साल शिळी होती. फ्रीजमध्ये पंधरा दिवस पडलेल्या, सुरकुतलेल्या संत्र्यात तेल उरलेलं नसतं.

पुणेकरांना बिस्किटाबद्दल बोलताना श्रुसबेरी आठवणारच. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून उभ्या असलेल्या कयानी बेकरीने ते नाव घरोघरी पोचवलं. मूळच्या इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावच्या बिस्किटांत मात्र जायफळ, दालचिनी, गुलाबपाणी घालायची जुनी रीत आहे आणि लिंबाची सालही घालतात. वरच्याच कृतीत सुंठ आणि लवंग गाळून, जायफळ दुप्पट करून, फक्त दोन लिंबांची साल घातलीत तर त्या चवीच्या जवळ जाता येतं. करून बघण्यासारखं आहे.

ठेवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, थरांमध्ये बटर पेपर. कोरड्या दिवसांत दहा-बारा दिवस छान राहतात, पावसाळ्यात चौथ्या-पाचव्या दिवशी सादळतात. लेप नसलेली सादळलेली बिस्किटं १४० अंशांवर पाच मिनिटं ठेवून गार केली की परत कुरकुरीत होतात. पण पावसाळ्यात सगळी एकदम भाजण्यापेक्षा कच्च्या सुरळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात, महिनाभर टिकतात. लागतील तेवढे काप करायला सुरळी दहा मिनिटं बाहेर काढायची, उरलेली परत आत, आणि भाजायचा वेळ एक-दीड मिनिटाने वाढवायचा.