वॉलट्यूबचा सांधा

जुन्या वळणाच्या सायकल दुकानात वॉलट्यूब मागितली, की दुकानदार वेटोळ्यातून हातभर कापून देतो. करंगळीपेक्षा कितीतरी बारीक, काळी, मऊ रबराची नळी. तिचे मूळ काम व्हॉल्व्हच्या पिनेवर घट्ट बसायचे, पंपाची हवा आत जाऊ द्यायची आणि बाहेर येऊ द्यायची नाही. सायकलमधली सर्वांत स्वस्त वस्तू बहुधा हीच असेल. एका विज्ञानशिक्षकाची कारकीर्द मात्र हिच्यावर उभी राहिली.

अरविंद गुप्ता मूळचे बरेलीचे. 1975 मध्ये कानपूर आयआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले आणि पुण्यात टेल्को या टाटांच्या कंपनीत ट्रकच्या कारखान्यात लागले. 1978 मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात किशोर भारती संस्थेत गेले. तिथे प्रयोगांतून विज्ञान शिकवायचा होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम 1972 पासून चालू होता. खेड्यातल्या शाळांत प्रयोगशाळा नव्हती, म्हणून साहित्य आठवडी बाजारातून आणायचे आणि सुईऐवजी बाभळीचा काटा वापरायचा. काडेपेटीच्या काड्या आणि वॉलट्यूब यांची गाठ इथेच पडली: काड्या जोडून आकार करायचे, आणि नळीचा तुकडा हा त्यांचा सांधा. रजेचा उरलेला काळ त्यांनी केरळात लॉरी बेकर यांच्याकडे काढला. विटा आडव्या न मांडता उभ्या लावून, मध्ये पोकळी सोडून, कमी विटांत भिंत उभी करणारा हा वास्तुरचनाकार. म्हणजे रजा घालवायची ठिकाणेही काटकसरीचीच!

आता हात लावून बघू. वॉलट्यूबचे ब्लेडने दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे. काडेपेटी लाकडी काड्यांचीच हवी, मेणकाडी वाकते आणि आत सरकत नाही. काडीच्या टोकाचे गूल खरवडून टाकायचे, नाहीतर त्याचा गड्डा तोंडाशी अडतो. तुकड्याच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी अर्धा सेंटिमीटरभर घालायची. मध्ये चार-पाच मिलिमीटर मोकळे राहिलेच पाहिजे. इथे बहुतेक जण चुकतात. काड्या आत एकमेकींना भिडेपर्यंत रेटल्या की सांधा ताठ होतो, वळवायला गेले की काडी तरी मोडते किंवा नळी तरी निसटते. मोकळी जागा ठेवली तर तोच सांधा हव्या त्या कोनात वळतो.

तीन काड्या, तीन तुकडे: त्रिकोण. कोपरे दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा. बोट लावताच तो कलंडून समभुज चौकोन होतो. पत्र्याच्या छपराखालची कैची त्रिकोणांची का असते आणि विजेचा मनोरा तिरक्या पट्ट्यांनी का विणलेला असतो, हे त्या कलंडण्यात आहे. चौकोन सावरायला कर्ण घालायचा म्हटले तर काडी पुरत नाही. बाजूच्या जवळजवळ 1.4 पट लांबी लागते. मग खराट्याची हिराची काडी मोजून कापावी लागते. वर्गमूळ दोनची इतकी साधी ओळख फळ्यावर होत नाही.

त्रिकोणावरून चतुष्फलकाकडे, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराकडे, जायला तीन काड्यांचा सांधा लागतो. तुकड्याच्या बरोबर मध्यावर काट्याने आरपार भोक पाडायचे आणि टोक तासलेली तिसरी काडी त्यातून घालायची. भोक कडेला गेले तर रबर फाटते. असे चार सांधे आणि सहा काड्या झाल्या की चतुष्फलक तयार. आठ सांधे आणि बारा काड्यांचा घन मात्र चौकोनासारखाच डगमगतो, आणि तो डगमगलाच पाहिजे.

म्हणूनच बाजारातले प्लॅस्टिकच्या कडक सांध्यांचे तयार संच मला खटकतात. त्यांत चौकोनही ताठ उभा राहतो. दिसायला छान, पण चौकोन का पडतो हा प्रश्नच मुलाला पडत नाही. प्रदर्शनासाठी थर्माकोलवर डिंकाने चिकटवलेल्या प्रतिकृतींचीही तीच गत. वॉलट्यूबचा ढिलेपणा हाच तिचा गुण.

गुप्तांनी पुढे नोकरी सोडली ती कायमची. काडी-काटा-रबर हेच काम झाले. 2003 पासून अकरा वर्षे ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, म्हणजे मुलांच्या विज्ञानकेंद्रात, होते. तिथली इमारत 'पुलस्त्य' नावाची. सप्तर्षींतला एक तारा, आणि नावात 'पुल' दडलेले. बांधकामाला देणगी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. खेळण्यांखालोखाल छंद पुस्तकांचा: हिंदीत ढिगाने अनुवाद केले आणि हजारो पुस्तके इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवली.

गिअरच्या नव्या सायकलींना आता वेगळा व्हॉल्व्ह येतो, त्यात ही नळी नसतेच. त्यामुळे चकचकीत दुकानात विचारले तर पोरगा नुसता बघत राहतो. दूधवाल्यांच्या, पेपरवाल्यांच्या सायकली जिथे दुरुस्त होतात त्या दुकानात जावे. घेताना नळी ताणून बघावी, उन्हात पडून कडक झालेली असली तर बारीक भेगा लगेच दिसतात. चांगली मिळाली तर जरा जास्तच घ्यावी आणि घरी डब्यात, तेलापासून लांब ठेवावी. तेल लागले की रबर फुगते, आणि मग काडी सैल बसते.