आतड्याचा दाह आणि हृदयाच्या धमन्या

आज नागपूरच्या धंतोलीत धाकट्या बहिणीच्या तपासणीसाठी तिच्यासोबत गेलो होतो. तिला ९ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होणारा दीर्घकालीन आजार) आहे आणि आजवर आम्ही सर्वांनी केवळ तिच्या पोटाचाच विचार केला. त्यामुळे डॉक्टरांनी रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलचीही चौकशी केली, तेव्हा मी गोंधळलो. ती अवघी ३४ वर्षांची, अंगाने बारीक आहे.

डॉक्टरांनी शांतपणे समजावले की, आतड्याचे अस्तर दीर्घकाळ सुजलेले राहिले की टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाह वाढवणारी प्रथिने रक्तातून शरीरभर फिरतात, धमन्यांच्या आतल्या नाजूक थराला इजा करतात आणि त्यामुळे तिथे चरबी साचणे व रक्ताची गुठळी होणे, दोन्हींचा धोका वाढतो. धमन्यांच्या आजारात दाहाचा स्वतंत्र वाटा असतो, याचा भक्कम पुरावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅन्टोस चाचणीतून मिळाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांच्या त्या अभ्यासात कॅनाकिनुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाने कोलेस्टेरॉल कमी न करताही पुढील झटक्यांचे प्रमाण घटवले. (हे औषध कोलायटिसवरचे नाही.)

मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते वेगळ्याच गोष्टीने. त्रास थांबला की बहीण गोळ्या सोडते आणि आजार उसळला की पुन्हा स्टेरॉइड घ्यावे लागते, ज्याने रक्तदाब आणि साखरही वाढू शकते. हे मला ठाऊक होते, तरी मी तिला कधी अडवले नाही. परतताना मेट्रोत तिने स्वतःच मोबाइलवर गोळ्यांचा रोजचा गजर लावला. सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) आणि लिपिडचा (रक्तातील चरबीचा) अहवाल परवा मिळेल.