घरी शेती नसताना कृषी महाविद्यालय कशाला?

तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहिते. इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत, लग्नकार्यात असो वा गणपतीच्या आरतीनंतर, मला हेच विचारले जाते: घरी वीतभर जमीन नसताना कृषी महाविद्यालयात कशाला गेलीस, आणि शेतकऱ्याला येत नाही असे तिथे काय शिकवतात?

मी शिकले त्या इंदूरच्या कृषी महाविद्यालयाच्या आवाराचा इतिहासच या प्रश्नाला अर्धे उत्तर देतो. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञांनी होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर तिथे संशोधन संस्था उभारली. काडीकचरा, शेण आणि गोमूत्रात भिजलेली माती यांचे थर रचून, ढीग अधूनमधून वरखाली करत सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची ‘इंदूर पद्धत’ तिथलीच. १९३१ साली ती पुस्तकरूपाने मांडली गेली, तेव्हा हॉवर्ड यांच्यासोबत त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचेही नाव होते. शेतकऱ्यांना आपले शिक्षक मानणाऱ्या माणसाची ही जागा. तिथे शेतकऱ्याला अडाणी ठरवायला कोणी जात नाही. महाविद्यालय १९५९ चे असून आता ते ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाखाली येते.

चार वर्षांत मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, रोगशास्त्र, पैदास म्हणजे पिकांचे नवे वाण घडवणे, अर्थशास्त्र, विस्तार म्हणजे हे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणे, असे सगळे होते. शेवटच्या वर्षी ‘रावे’, म्हणजे गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम. माझे गाव देपालपूरकडचे होते. भाद्रपदात यजमान शेतकऱ्याने मला सोयाबीनमध्ये नेले. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे होते. पान उलटले तर खाली पांढरी माशी. मी सांगितले, हा पिवळा मोझॅक, विषाणूचा रोग आहे. लागलेल्या झाडावर औषध नाही, रोगट झाडे उपटा आणि माशी आवरा. त्यांनी शांतपणे सगळे ऐकले आणि विचारले, “बेटी, आधा खेत तो पीला है। उखाड़ दूँ तो बीज की उधारी किससे चुकाऊँ?” मी बांधावर उभी राहिले. शेजारच्या वावरातला माणूस आमच्याकडे पाहत होता. पुढे काय बोलावे ते मला सुचले नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारले नाही. दुसरी ओळ दाखवायला ते पुढे चालू लागले.

माझा सल्ला चुकीचा नव्हता, आजही मी तोच देईन. घरी जमीन असती तर उत्तर सुचले असते, असे तुम्ही म्हणाल. मला ते पटत नाही, कारण जमीन त्यांची स्वतःची होती आणि उत्तर त्यांच्याकडेही नव्हते. पण त्या दुपारनंतर, पदवी म्हणजे रोगाचे निदान करता येणे, ही माझी समजूत टिकली नाही. मी पैदासशास्त्रात पुढे शिकले, कारण रोग शेतात शिरल्यावर उपाय फार थोडे उरतात. प्रतिकार बियाण्यातच असावा लागतो. तेव्हाची मी म्हणाली असती की एवढे पुरे. आता तसे म्हणवत नाही. रोगाला दाद न देणारे वाण आले तरी ते पेरणीआधी, हाती पैसा नसतानाच घ्यावे लागते, आणि अनेकांना ते मिळते त्याच दुकानातून, त्याच उधारीवर.