शब्द दाखव की, मावशी

रविवार, रात्र

आज चर्चमधला दृढीकरणाचा (विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या तयारीचा) वर्ग सुटला, पोरं पटांगणात पांगली, आणि भाचा तेवढा बाकावर बसून राहिला. त्याला कुपवाडच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जायचं होतं, डबा पिशवीत भरलेला होता, तरी उठेना. मग एकदम म्हणाला, "मावशी, त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये दाखव की. एकदाच. कुठंही चालेल." (त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांत देव एकच, ही शिकवण.)

मी म्हटलं, "नाही तो शब्द. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत कुठंच नाही."

त्याला वाटलं होतं मी टाळाटाळ करीन. मी सरळ कबूल केल्यावर त्याचाच चेहरा उतरला. त्याच्याबरोबर मशीनवर असलेला एक जण दुसऱ्या कुठल्याशा मंडळीत (चर्चमध्ये) जातो. त्यानं याला सांगितलंय की शास्त्रात नाही ते मानायचं नाही, आणि त्रैक्य तर ३२५ साली एका बादशहानं सभा भरवून ठरवलं. मी घाईनं मत्तय अठ्ठाविसावा काढला, "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने". तो म्हणाला, "ते पाठ आहे मला. तिथं पिता आहे, पुत्र आहे, आत्मा आहे. त्रैक्य कुठाय?" आणि सलाम करून गेला.

त्याचा प्रश्न खोडसाळ नव्हता. तो खरंच अडला होता, आणि मी त्याच्या हातात एक वचन ठेवून मोकळी झाले. जेवण गेलं नाही.

सोमवार

बाबांचं पवित्र शास्त्र काढलं. २०१९ च्या पुरात खालच्या दोन फळ्यांवरचं सगळं गेलं. हे वरच्या फळीवर होतं म्हणून राहिलं, तरी ओलीनं कडा फुगल्यात आणि पानं उलटताना अजून नदीचा वास येतो. योहान दहाव्यात तिसाव्या ओवीला बाबांनी पेन्सिलीनं गोल केलाय. "मी आणि पिता एक आहोत." गोल "एक" या शब्दाला नाही, "आहोत" ला आहे.

लहानपणी हा गोल किती वेळा पाहिला असेल. आज त्याचा अर्थ लागला. एकच असता तर "आहे" म्हटलं असतं. दोघे वेगळे असते तर "एक" कशाला? मूळ ग्रीकमध्येही असंच आहे, क्रियापद अनेकवचनी आणि "एक" नपुंसकलिंगी, म्हणजे "एकच माणूस" असा अर्थ होऊ नये असं. कार्थेजच्या तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकानं तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला याच ओवीवर बोट ठेवलं होतं. "त्रिनितास" हा लॅटिन शब्द ख्रिस्ती लिखाणात रूढ केला तोही यानंच. त्याच्याही आधी, साधारण १८० साली, अंत्युखियाच्या थियोफिलानं ग्रीकमध्ये "त्रियास" लिहिलेलं आहे. म्हणजे बादशहाची सभा भरायच्या शंभर-दीडशे वर्षं आधीपासून हा शब्द लोकांच्या तोंडात होता. हे भाच्याला सांगायला हवं, पण एवढ्यानं त्याचं समाधान व्हायचं नाही. शब्द जुना असला म्हणून तो शास्त्रातला होत नाही.

सभेत काय झालं ते मात्र त्याला सविस्तर सांगणार आहे. एरियस नावाचा एक पाळक म्हणत होता की पुत्र हा निर्माण केलेला आहे, तो नव्हता असा एक काळ होता. त्या सभेसाठी निकेयाला जमलेल्या अध्यक्षांना (बिशपांना) आधी शास्त्रातल्याच शब्दांत उत्तर लिहायचं होतं. पुत्र "देवापासून" आहे असं लिहू म्हणाले. एरियसची माणसं लगेच तयार झाली, कारण सगळंच देवापासून आहे असं पौलही करिंथकरांस लिहितो. शास्त्रातला दुसरा शब्द सुचवला, तोही त्यांनी आपल्या अर्थानं घेतला. एकमेकांत कुजबुजत होते, डोळ्यांनी खुणा करत होते, असं अथनासियसानं लिहून ठेवलंय. तेव्हा तो तिथं साधा डीकन, म्हणजे बिशपाच्या हाताखालचा सेवक, होता. (ही एका बाजूची साक्ष आहे हे मी विसरत नाही.) शेवटी त्यांनी "होमोऊसियोस" घेतला, म्हणजे पित्याशी एकाच तत्त्वाचा. शास्त्रात नसलेला शब्द, आणि घ्यायला कितीतरी जण नाखूश. तरी घेतला, कारण शास्त्रातला प्रत्येक शब्द दोन्ही बाजू म्हणत होत्या आणि अर्थ दोन होत होते.

पुढे अथनासियसाला लोकांनी हाच भाच्याचा प्रश्न केला. त्याचं म्हणणं असं, की शब्द शास्त्रात नाही, आशय शास्त्रातला आहे. आणि "तो नव्हता असा काळ होता" हे तरी तुमचं वाक्य शास्त्रात कुठं आहे?

मला सगळ्यात विचार करायला लावते ती ३५७ सालची गोष्ट. सिर्मियमला भरलेल्या सभेनं ठरवलं की हे "ऊसिया"वाले (तत्त्व या अर्थाचे) शब्द कुणी वापरूच नयेत, शास्त्रात नाहीत म्हणून. ऐकायला किती सोज्वळ वाटतं! आणि त्या ठरावाच्या आडोशाला पिता मोठा, पुत्र कमी, ही शिकवण बसली. म्हणजे "शास्त्रातलेच शब्द वापरा" हा नियमही आपल्या पोटात एक शिकवण घेऊन येऊ शकतो.

बुधवार

मिरजेला गेले होते. तानपुऱ्याची जवारी बिघडलीय, भजनाला स्वर बसत नाही. कारागिरानं खरजाची तार छेडली, घोडीवर कानस फिरवली, पुन्हा छेडली, तारेखाली दोरा घालून नखानं केसभर सरकवला. तास गेला. मग चारही तारा लागल्यावर त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "ताई, गंधार ऐकू येतोय का?"

येत होता. पंचम, जोड, खर्ज, एवढ्याच तारा. गंधाराची तार तानपुऱ्याला नसते. तरी खरजातून गंधार स्पष्ट उठत होता. याला स्वयंभू गंधार म्हणतात हे मला माहीत होतं, पण इतका स्वच्छ बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

बसमध्ये तानपुरा मांडीवर आडवा धरून बसले आणि भाच्याचाच विचार. तो म्हणतोय, गंधाराची तार दाखव. तार नाही रे बाळा. पण परमेश्वर एकच आहे ही बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाची तार काढून बघ, पुत्राला तोमा "माझ्या प्रभू, माझ्या देवा" म्हणतो ती तार काढून बघ, पेत्र हनन्याला "तू पवित्र आत्म्याशी लबाडी केलीस" आणि लगेच "देवाशी लबाडी केलीस" म्हणतो ती काढून बघ. एकही सैल केलीस तरी तो स्वर जातो. सगळ्या लागल्या की तो आपोआप येतो, आणि आलेल्या स्वराला नाव द्यावंच लागतं.

गुरुवार, पहाटे

झोप लागेना. काल बसमध्ये मी फार सुखावले होते. ऐकू येणारा प्रत्येक स्वर खरा असतोच असं नाही. कान वाजतातही.

"मूळ पाप" घ्या, म्हणजे आदामाच्या पापाचा दोष प्रत्येकाला जन्मतःच लागतो ही शिकवण. ताईचं पहिलं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं. भाच्याच्या आधीचं. बाप्तिस्मा झाला नव्हता. दफनाच्या वेळी एका उपदेशकानं, नाव लिहीत नाही, त्या एवढ्याशा पेटीपुढे उभं राहून जन्मजात दोषावर वीस मिनिटं उपदेश केला. ताईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता, तो अजून दिसतो मला. पुढे कितीतरी वर्षं ती प्रभुभोजनाला उठली नाही.

त्यानंतर मी तो शब्द खणून पाहिला. ऑगस्टीन या जुन्या लॅटिन ख्रिस्ती आचार्यानं त्याला आकार दिला, आणि त्याच्यापुढे रोमकरांस पाच, बारा हे वचन लॅटिनमध्ये असं होतं की "ज्याच्यात सर्वांनी पाप केले". ज्याच्यात म्हणजे आदामात. ग्रीक शब्दांचा बहुतेक अभ्यासक घेतात तो अर्थ "कारण", आणि आपल्या मराठी शास्त्रातही "सर्वांनी पाप केल्यामुळे" असंच आहे. आदामामुळे पाप आणि मरण जगात शिरलं हे पौल सांगतोच, ते मी सोडत नाही. पण अकरा दिवसांच्या लेकराच्या माथी दोष, हा स्वर मला त्या तारांतून ऐकू येत नाही. कुणीतरी वेगळी तार लावली आणि तिचा आवाज आला.

आणि आपण प्रॉटेस्टंट लोक छातीवर मिरवतो तो शब्द, "केवळ विश्वासाने"? हे दोन शब्द असे जोडीनं शास्त्रात एकाच ठिकाणी येतात, याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात, आणि तिथं पुढे "नव्हे" आहे. लूथरनं १५२२ च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस तीन, अठ्ठाविसात "केवळ" घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. जर्मन बोलीला तो लागतो आणि पौलाचा आशय तोच आहे, असं त्यानं पुढे उघडपणे मांडलं. मला त्याचं पटतं. पण मग त्रैक्याला एक न्याय आणि याला दुसरा, असं कसं चालेल? भाच्याचा मित्र ज्या मापानं मोजतोय त्यात आपलंही घर बसत नाही, हे वर्गात सांगायला मी आजवर कचरत होते.

दुसरी अडचण मराठीतलीच. १ योहान दोन, दोन, तो आपल्या पापांबद्दल "प्रायश्चित्त" आहे. हा शब्द शास्त्रात आहे, बोट ठेवून दाखवता येतो. पण आपल्या भाषेत प्रायश्चित्त कोण घेतं? ज्यानं पाप केलं तो. उपास करतो, दंड भरतो, क्षौर करतो. योहान नेमकं उलटं सांगतोय, की तू काही करायचं नाहीस, त्यानं केलंय, तोच ते आहे. शेजारच्या काकूंना हे वचन वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या देवानं पाप केलं होतं?" त्यांची काय चूक? शास्त्रात असलेल्या शब्दानंच त्यांना चकवलं.

आणि हा एक शोध, आज पहाटेचाच. इब्री एक, तीन, पुत्र हा देवाच्या "तत्त्वाचे" प्रतिरूप. इब्री अकरा, एक, विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा "भरवसा". मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द, हिपोस्तासिस. मराठीत एकीकडे तत्त्व, दुसरीकडे भरवसा. भाषांतर चुकलंय असं नाही, दोन्ही जागी ते शोभतं. पण पुढे मंडळीनं पिता, पुत्र, आत्मा या तिघांसाठी हाच शब्द उचलला. म्हणजे त्रैक्याच्या शिकवणीतला एक कणा शास्त्रातलाच शब्द आहे, फक्त मराठी वाचकाला तो दिसत नाही. "शब्द दाखव" म्हणणाऱ्या मुलाला मी कुठला शब्द दाखवू? त्याच्या हातात आहेत ते भाषांतरकारांनी निवडलेले शब्द.

रविवार

भाचा आज लवकर आला. आम्ही दोघंच होतो. निकेया सांगितलं, सिर्मियम सांगितलं, तानपुरा सांगितला. योहानातला गोल दाखवला तेव्हा त्यानं "आहोत" वर बोट ठेवून बराच वेळ काढला. आजोबांना त्यानं पाहिलेलं नाही.

"केवळ विश्वासाने" चं सांगितलं तेव्हा मात्र दचकला. "हे तू मला का सांगतेस? मी त्याला सांगितलं तर तो अजून वर चढेल." मी म्हटलं, चढू दे. तुला खरं माप मिळायला हवं. शब्द काढून घे, त्याच्याखालची वचनं एकेक वाच, आणि बघ की शब्द परत ठेवावासा वाटतो का.

मग त्याला ३६२ सालची अलेक्झांद्रियाची सभा सांगितली, माझी आवडती. एक गट म्हणे देवात हिपोस्तासिस एक, दुसरा म्हणे तीन, आणि दोघे एकमेकांना पाखंडी ठरवत होते. तोवर अथनासियस म्हातारा होत आला होता, कितीदा हद्दपार होऊन आलेला. त्या सभेत दोन्ही गटांना विचारलं, तुम्ही या शब्दानं काय म्हणता? तीन म्हणणारे म्हणाले, तीन देव असं आम्ही म्हणत नाही. एक म्हणणारे म्हणाले, पुत्र आणि आत्मा खोटे असं आम्ही म्हणत नाही. आणि दोघांचा विश्वास एकच निघाला.

"मग तू त्याला विचारलंस का," मी म्हटलं, "की त्रैक्य म्हटलं की त्याला काय ऐकू येतं?"

नव्हतं विचारलं. विचारतो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "मला काय ऐकू येतं ते सांगू? आपल्या वर्गाच्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात लिहिलंय, एक देव, तीन व्यक्ती. व्यक्ती म्हटलं की मला तीन माणसं दिसतात. बाकावर बसलेली."

यावर मला उत्तर देता आलं नाही. व्यक्ती म्हणजे मुळात व्यक्त झालेलं, पण तो अर्थ धरला तर एकच देव तीन रूपं घेतो असं होतं, आणि मग आयर्विन पुलावरचा फुलवाला मला विचारतो तेच खरं ठरतं, "म्हणजे आमच्या दत्तासारखं का बाई?" आणि आजचा अर्थ धरला तर बाकावरची तीन माणसं. ऑगस्टीनही लॅटिनमधल्या "पर्सोना"बद्दल म्हणून गेला की हे म्हणायचं म्हणून नव्हे, गप्प बसावं लागू नये म्हणून म्हणतो. मी भाच्याला तेच सांगितलं. तो म्हणाला, "मग तसं लिहा की तिथं."

बुधवारी मंडळीच्या वडिलांची (कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांची) बैठक आहे. पाळकसाहेबांना आधी भेटून विचारणार आहे, प्रश्नोत्तरांच्या नव्या छपाईत "व्यक्ती" या शब्दाखाली एक ओळ घालता येईल का. ओळ अजून जमलेली नाही. तीन मसुदे केले, तिन्ही फाडले.