साठ हर्ट्झचा रिग, पन्नास हर्ट्झचा हँगर

इंजिन बंद असताना विमानाच्या हायड्रॉलिक प्रणालीला बाहेरून दाब पुरवणारा आमचा जुना रिग मोडीत निघाला आणि त्याच्या जागी अमेरिकेतून एक वापरलेला रिग मुंबईच्या हँगरमध्ये दाखल झाला. मोटारीच्या पाटीवर २३०/४६० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ५० अश्वशक्ती असे कोरलेले होते. आपल्याकडे थ्री-फेज म्हणजे ४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. "४१५ म्हणजे ४६० च्या जवळपासच की, प्लग बदला आणि लावा," असा सल्ला पहिल्याच दिवशी मिळाला. जोडणीवर सही माझी होणार असल्यामुळे मी आधी टर्मिनल बॉक्स उघडला.

उघडला ते बरे झाले. नऊ तारांपैकी ४, ५ आणि ६ एकत्र बांधलेल्या होत्या, तर १ बरोबर ७, २ बरोबर ८ आणि ३ बरोबर ९ अशा जोड्यांना पुरवठा दिलेला होता. म्हणजे आधीच्या मालकाने ही मोटार २३० व्होल्टवर चालवली होती. तशीच ४१५ वर लावली असती, तर प्रत्येक वाइंडिंगवर जवळजवळ दुप्पट व्होल्टेज येऊन ती जळाली असती. विकणाऱ्याच्या कागदपत्रांत याचा साधा उल्लेखही नव्हता. आम्ही ४६० व्होल्टच्या जोडणीप्रमाणे ४-७, ५-८, ६-९ अशा जोड्या केल्या, १, २, ३ ला पुरवठा दिला आणि जास्त प्रवाह झाल्यास मोटार बंद करणारा, १३० अँपिअरवर ठेवलेला ओव्हरलोड रिले बदलून ६५ चा बसवला.

फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे हर्ट्झचा, प्रश्न मात्र तारा फिरवून सुटणारा नव्हता. ४६० ला ६० ने भागल्यास ७.६७ येतात आणि ४१५ ला ५० ने भागल्यास ८.३, म्हणजे मोटारीच्या गाभ्यातील चुंबकत्व सुमारे आठ टक्के वाढते, आणि त्यातच पंखा हळू फिरत असल्याने ती तापण्याची भीती असते. उत्पादकाकडून लेखी होकार आल्यावरच मी पुढे गेलो. त्यांची अट एकच होती, की दाब ३००० पीएसआयच्या (चौरस इंचावर पौंड) वर न्यायचा नाही.

पहिल्यांदा बटण दाबले, तेव्हा मोटार फिरलीच नाही. पॅनेलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीचा पुरवठा चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच, नुसता थरथरत राहिला. कारण शोधण्यात अर्धा दिवस गेला. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज देणारा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर ४८० चे १२० व्होल्ट करणारा होता आणि ४१५ वर तो जेमतेम १०४ देत होता. लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारातून ४१५/११० चा ट्रान्सफॉर्मर आणला. कॉन्टॅक्टरच्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या कॉइलवर ५० हर्ट्झसाठी ११० असेच छापलेले होते, हे आम्ही आधी वाचायला हवे होते.

फेज उलटा लागला तर पंप उलटा फिरून खराब होतो, म्हणून कपलिंग सोडवून मोटारीला क्षणभर झटका दिला आणि दिशा बाणाशी ताडून पाहिली. हँगरमधले सगळे सॉकेट एकाच क्रमाने जोडलेले असतील यावर माझा विश्वास नसल्याने फेजचा क्रम चुकल्यास मोटार सुरूच न होऊ देणारा फेज-सीक्वेन्स रिलेही बसवला. पूर्ण दाबावर टंग टेस्टरने (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही फेज मोजले. प्रवाह पाटीवरच्या आकड्याच्या आत होता. तासभर चालवल्यावर मोटारीचे तापमानही स्थिर राहिले.

राहिला तो तेलाच्या प्रवाहाचा मुद्दा. चार पोलच्या मोटारीचा सिंक्रोनस वेग, म्हणजे पुरवठ्याच्या हर्ट्झवरून ठरणारा वेग, मिनिटाला १८०० वरून १५०० फेऱ्यांवर आल्याने पंप मिनिटाला ३० ऐवजी सुमारे २५ गॅलन तेल देऊ लागला. दाब पंपाचा कॉम्पेन्सेटर (दाब कायम राखणारा भाग) ठरवतो, त्यामुळे गेजवर ३००० च दिसत होते आणि फरक कोणाच्या लक्षात आला नाही. तो लक्षात आला, जॅकवर उचललेल्या ए३२० विमानाची चाके आत घेण्याच्या चाचणीत. चाके नेहमीपेक्षा सावकाश आत जाताना पाहून इंजिनीअरसाहेबांनी चाके ओढणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये गळती असल्याची शंका घेतली आणि स्कायड्रॉल या जांभळ्या हायड्रॉलिक तेलाचा थेंब शोधत ते बराच वेळ टॉर्च घेऊन व्हील-वेलमध्ये, म्हणजे चाके आत बसतात त्या पोकळीत, उभे होते. मी वेगाचे गणित मांडून दाखवल्यावर ते खाली उतरले, आणि त्याच संध्याकाळी रिगच्या फ्लोमीटरखाली "५० हर्ट्झवर कमाल २५ गॅलन" अशी पत्र्याची पाटी रिव्हेट झाली.