आमची वाटचाल: कात्री, खळ आणि कच्चा ग्रुप

परभणीत आमची कात्रणसेवा आहे, म्हणजे पेपरातली ज्याला जी हवी ती बातमी कापून पाठवतो, असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "रद्दी काय भावानं घेता?" इतकी वर्षं झाली, हे काही चुकलं नाही. बँकेत कर्जाच्या अर्जावर 'व्यवसायाचे स्वरूप' या रकान्यात काय लिहायचं यावरून साहेबांशी वाद झाला होता. शेवटी त्यांनी 'कागद व स्टेशनरी' असं लिहिलं आणि आम्ही मुकाट्यानं सही केली. तर ज्यांना हा धंदा माहीत आहे त्यांच्यासाठी लिहितोय. बाकीच्यांना वाचता वाचता कळेल.

सुरुवात किल्लारीच्या भूकंपानंतरची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडची गावं जमीनदोस्त झाली आणि पुढं कितीतरी दिवस पुनर्वसनाच्या कामाला बाहेरच्या संस्था येत राहिल्या. त्यांतल्या एका संस्थेला मराठी पेपरात काय छापून येतंय ते दर आठवड्याला हवं होतं. मोठ्या पेपरातलं त्यांना मिळतच होतं. पाहिजे होतं ते औसा, उमरगा, निलंग्याकडच्या साप्ताहिकांतलं: कोणत्या गावाला घरांचा ताबा मिळाला, कुठल्या गावाचा दुसरा पावसाळाही पत्र्याच्या शेडमध्येच गेला. ते काम आम्ही धरलं. आम्ही म्हणजे मी आणि दाजी.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. गावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची उलटी अक्षरं, जुळवायचे. ऑफसेट आलं तसे मालकानं खिळे किलोवर विकले आणि दाजी घरी बसले. उलटा मजकूर वाचण्यात निम्मं आयुष्य गेलेलं, त्यामुळं सुलटा पेपर म्हणजे त्यांना काहीच नव्हतं. माझं एक पान होईस्तोवर त्यांचे तीन पेपर हातावेगळे. आणि वाचायला सुरुवात शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यापासून. मी एकदा विचारलं, "दाजी, पहिलं पान कामून वाचत नाहीत तुम्ही?" तर म्हणाले, "पहिलं पान समदं जग वाचू लालंय. त्याचे पैसे आपल्याला कोण देईल?" आमचं भांडवल एवढंच.

हत्यारं मोजकी. शिंप्याची दहा इंची कात्री, पोलादी पट्टी, अर्धं ब्लेड, तारखेचा शिक्का आणि खळ. एक कॉलमची बातमी कात्रीनं कधी कापू नये. पट्टी दाबून धरावी आणि ब्लेड एका दमात ओढावं, नाहीतर शेजारच्या कॉलमचं शेपूट सोबत येतं. खळ मैद्याची, शिजवताना तिच्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर पावसाळ्यात कसर लागून फायलीची चाळण होते. ट्यूबमधल्या गोंदाचं मला विचारू नका. घरी आजोबांच्या वेळची कात्रणं जपून ठेवणाऱ्यांनी एवढं तरी ऐका: सेलोटेप लावू नका. चिकटपणा उडून जातो, डाग तेवढा राहतो.

प्रत्येक कात्रणावर पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान. यात आवृत्ती सगळ्यात महत्त्वाची, आणि नवीन माणूस नेमकी तीच विसरतो. एकाच पेपरचं परभणीचं पान नांदेडात दिसत नाही, नांदेडचं लातुरात नाही, मुंबईची तर गोष्टच सोडा. जिंतूरची बातमी परभणीच्या पानावर येते आणि तिथंच जिरते. १९९९ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तसं वसमत-कळमनुरीचं पानही हळूहळू वेगळं झालं, आणि तासाभराच्या अंतरावरची बातमी आम्हाला एसटीच्या पार्सलनं मागवायची वेळ आली. लोक म्हणतात बातमी दाबली. दाबायला लागतच नाही हो. पानं वाटून टाकली की शेजारच्याला शेजारचं कळत नाही.

आता सरांबद्दल. सर अंबाजोगाईच्या कॉलेजातून निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला राहायला गेले. आमचं नाव त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. पहिल्याच पत्रात लिहिलं होतं: "माळेगावच्या यात्रेला मंत्री आले ही बातमी नको. गाढवं काय भावानं गेली ते कुठं छापून आलं असेल तर पाठव." माळेगाव म्हणजे लोहा तालुक्यातलं, खंडोबाचं. घोडे, गाढवं, लाल कंधारी बैल, आणि भटक्या-विमुक्तांच्या पंचायती जिथं बसायच्या ती यात्रा. पेपरात उद्घाटनाचा फोटो चार कॉलम आणि बाजाराचा भाव आतल्या पानावर पाच ओळी. सरांना त्या पाच ओळी हव्या असायच्या. वर्षाचे पैसे आगाऊ, मनीऑर्डरनं. मनीऑर्डरच्या खालच्या चिठोऱ्यावर बारीक अक्षरात सूचना: शिक्का पुसट येतो, शाई बदल. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर जात्यावरच्या ओव्या रचल्या, अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या गटानं त्या १९९६ साली ध्वनिमुद्रित केल्या, हेही मला सरांच्या पत्रातूनच समजलं. माजलगाव आमच्या पाथरीला खेटून आहे! लाखावर ओव्यांचा तो सगळा संग्रह पुढं 'परी'वर, म्हणजे पी. साईनाथांनी २०१४ला सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या संग्रहावर, सगळ्यांसाठी खुला झाला. शेजारच्या तालुक्यातली ओवी आम्हाला पुण्याच्या टपालातून यावी, याची दाजींना फार लाज वाटली होती.

२००० नंतरची दहा-बारा वर्षं बरी गेली. दोन गाळे झाले, पोरं शिकली.

मग संगणकवाली कंपनी आली. नाव घेत नाही. टाय लावलेला पोरगा आमच्याच ग्राहकांकडं फिरला आणि म्हणाला, तुमचं नाव टाका, कुठल्याही पेपरात छापून आलं की सकाळी नऊच्या आत हातात. दर आमच्या निम्मा. साखर कारखाना गेला, पतसंस्था गेली, दोन पुढारी गेले. एका कार्यालयानं जाता जाता मागचं बिल 'तरतूद नाही' असा शेरा मारून ठेवून दिलं, ते तसंच आहे. ज्याला आपलंच नाव शोधायचंय त्याला ते मशीन उत्तम, मी नाही म्हणत नाही. पण ज्याला नावसुद्धा माहीत नाही अशी गोष्ट पाहिजे, त्यानं मशीनमध्ये टाकायचं काय? आणि सेलू-मानवतची साप्ताहिकं तेव्हा ई-पेपरात नव्हतीच. मशीनच्या लेखी तिथं काही घडतच नव्हतं. मी हे त्या कारखान्याच्या एमडींना समजावून सांगायला गेलो. त्यांनी चहा पाजला. काम दिलं नाही.

त्याच सुमारास दाजींना मोतीबिंदू. एक गाळा विकला. दुसऱ्याचा हप्ता बहिणीनं पाटल्या मोडून भरला, हे दाजींना आजतागायत माहीत नाही, आणि हे लिखाण ते वाचणार नाहीत म्हणून इथं लिहितोय.

ग्रुप काढायचं भाच्याच्या डोक्यातून निघालं, २०१४च्या शेवटाला. तेव्हा व्हॉट्सॲपवर एका ग्रुपात शंभरच माणसं बसायची, २०१६ला २५६ झाली. भाचा म्हणाला, "मामा, पार्सलची वाट कामून बघायची? पेपर ज्याच्या हातात आहे त्यालाच फोटो काढू द्या की." मग आम्ही दुकानाच्या कच्च्या आणि पक्क्या वहीसारखे दोन ग्रुप केले. कच्च्यात बसस्टँडवरचे पेपर एजंट, दोन-तीन कंडक्टर, शाळांचे मास्तर, एक कंपाउंडर, गावातल्या आशा कार्यकर्त्या. जे दिसेल ते टाकायचं. पक्क्यात पैसे भरलेले सभासद. कच्च्यात दिवसभरात ढीग पडायचा, त्यातून पक्क्यात पाच-सहा कात्रणं. तेही रात्री, जेवणं झाल्यावर, एकदाच. नियम जुनाच: नाव, आवृत्ती, तारीख, पान. चारातलं एक नसेल तर कच्च्यातून पुढं जायचं नाही, मग पाठवणारा आमचा सोयरा का असेना. वाढदिवस नाही, शुभ सकाळ नाही, नियुक्ती-अभिनंदन नाही.

वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली, ती आमच्या सभासदांनी पहिल्यांदा पाहिली ती अशीच, तिरप्या काढलेल्या फोटोत, कोपऱ्यात एजंटचा अंगठा. पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात हे त्या फोटोतही दिसत होतं. सेलूच्या लोकांनाही नवल वाटलं, कारण वालूर त्यांच्याच तालुक्यात.

आणि आता ज्याच्यावर न बोलायचं ठरवलं होतं त्याच्यावर बोलतो. आमच्याकडेच ब्लेड धरायला शिकलेला पोरगा. कात्रणावरचा आमचा शिक्का बरोब्बर कापून तो तेच फोटो स्वतःच्या ग्रुपवर टाकायला लागला. फुकट. वर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर, त्याचे पैसे वेगळे. आमचे सभासद म्हणायला लागले, "तिथं तर फुकट येतंय, तुम्ही कशाचे घेता?" ढिगातून काय फेकलं, त्याचे घेतो, असं मी सांगायचो. ते कुणाला पटायचं नाही. फेकलेलं दिसत नाही ना. वर्ष सरता सरता निम्मा ग्रुप रिकामा झाला. सर राहिले. त्यांच्या सूनबाईंनी फोनपे केलं आणि खाली लिहिलं, "बाबा म्हणतात, त्या मुलाच्या कात्रणांना पान क्रमांक नसतो."

२०१८च्या जूनमध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आमच्या कच्च्यात चार ठिकाणांहून पडला. कुठल्या गावचा, कधीचा, कुणाच्या पेपरात, काही नाही. भाच्यानं ओळखीच्या वार्ताहरांना फोन लावले, एकालाही तक्रार दाखल झालेली माहीत नव्हती. पक्क्यात टाकला नाही. फुकटवाल्या ग्रुपवर तो दिवसभर फिरत होता, वर 'सावधान' लिहून. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी. माळेगावला खंडोबाच्या पायरीशी बसतात त्यांच्यासारखीच माणसं. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपनं आपल्या देशात फॉरवर्ड पाच ठिकाणांपुरतं आणलं, आणि फक्त ॲडमिननं लिहायची सोय तर थोडी आधीच आली होती. पक्का ग्रुप आम्ही तसा बंदिस्त केला. मला वाटलं होतं, आता लोक त्या पोराला जाब विचारतील. कुणी काही विचारलं नाही. त्याचा ग्रुप भरलेला तो भरलेलाच, आता तर १०२४ची मर्यादा झालीय. रस्त्यात भेटला की पाया पडतो. आशीर्वाद देतो मी, काय करता.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात हे बीडकडच्या माणसांच्या बोलण्यात किती तरी आधीपासून होतं. देशाच्या पेपरांत त्याची बातमी झाली २०१९ला. मग सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. इतकी मोठी गोष्ट इतके दिवस दिसली नाही, कारण ती कुणाच्या नावानं शोधता येत नव्हती. म्हणून सांगतो, गावाकडच्या पेपरात एकाच आजाराचं, एकाच दवाखान्याचं, एकाच वयाचं पुन्हा पुन्हा यायला लागलं तर ती कात्रणं एका फायलीत ठेवत जा. पत्रकार असाल तर ठेवाच, नसाल तरी ठेवा.

लॉकडाउनमध्ये पेपरच बंद. १८ एप्रिल २०२०ला सरकारनं घरोघर पेपर टाकायला मनाई केली, ती चार दिवसांत बहुतेक ठिकाणी उठली, पण एसटी बंद म्हणजे पार्सल बंद. त्या दिवसांत कच्चा ग्रुपच पेपर झाला. कंपाउंडर पाथरीहून, मास्तर पालमहून, पायी परतणाऱ्या मजुरांची खबर हातानं कागदावर लिहून, खाली तारीख टाकून फोटो पाठवायचे. तो एकच काळ, ज्यात पान क्रमांकाची अट आम्ही शिथिल केली. फुकटवाल्याकडून परत आलेले सभासद बहुतेक त्याच वर्षातले.

सर मागच्या पावसाळ्यात गेले. सूनबाईंनी त्यांच्या फायली आमच्याकडे परत पाठवल्या. सगळ्या आमच्याच कात्रणांच्या, आणि प्रत्येकाच्या मागं पेन्सिलीनं बारीक टिपणं. त्यांची सूची लावायचं काम भाचा करतोय.

यंदापासून उर्दू घेतलंय. हे आम्ही फार आधी करायला हवं होतं, असं दाजी पहिल्यापासून म्हणायचे, पण वाचणारा माणूस मिळत नव्हता. आता उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर येतात. नांदेडचे पेपर आणि हैदराबादचं 'सियासत' चाळतात. परभणीचा सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस घ्या. दर फेब्रुवारीला भरतो. मराठी पानावर बंदोबस्त, वाहतुकीतला बदल, पाळण्यांचं भाडं. उर्दू पानावर कव्वाल कोण आले, कुठल्या घराण्याचे, संदलची मिरवणूक कुठून निघाली. एकाच गावातल्या एकाच उरसाच्या या दोन बातम्या शेजारी शेजारी लावून पाठवल्या, तर लातूर-धाराशिवच्या सभासदांचे दुसऱ्या दिवशी फोन. सध्या मूळ कात्रण आणि खाली चार ओळी मराठीत, असं देतोय. त्याचे वेगळे पैसे अजून घेत नाही. पुढच्या गुढीपाडव्यापासून घेणार आहे, आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मग "तिथं फुकट येतं" म्हणून फोन करू नका. उर्दू तिथं येत नाही.