घरची सुव्लाकी आणि गच्चीच्या परवानगीचे हेलपाटे

अथेन्समध्ये घरी कोळशावर सुव्लाकी, म्हणजे सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे, करायची तर मांस, रिगानी (ओरेगॅनो), लिंबं, पिता नावाची मऊ पोळी हे सगळं एका सकाळीत जमतं. जमत नाही ती गच्ची. आमच्या इमारतीची सामायिक गच्ची, इथल्या भाषेत तारात्सा, तिची किल्ली आणि तिथे शेगडी पेटवायची परवानगी मिळवताना मला जो मनस्ताप झाला तो अजून डोक्यातून गेलेला नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. इथे भाड्याने राहणाऱ्या कुणाचे दोन हेलपाटे वाचले तरी पुरे.

मी आधी बोटीवर होतो, आता अथेन्सच्या बंदरावर, पिरेअसला, जहाज कंपनीच्या ऑफिसात आहे. ग्रीक मालकांच्या जहाजांवर आपली कोकणातली, मुंबईतली मुलं बरीच असतात, आणि पिरेअसला बोट लागली की बंदराबाहेर पहिलं काय खायचं हे त्यांना सांगावं लागत नाही. कागदात गुंडाळलेली गरम पिता, आत डुकराचं मांस, टोमॅटो, कांदा, त्झात्झिकी (दही-काकडीची कोशिंबीर) आणि तळलेल्या बटाट्याच्या चार काचऱ्या. दुकानातली मला आवडतेच, पण घरी केलेल्यात मांस आपण निवडलेलं असतं आणि सळई निखाऱ्यावरून थेट ताटात येते. तो फरक एकदा कळला की ओव्हनमधल्या सुव्लाकीने समाधान होत नाही. चरबी निखाऱ्यावर टपकते, तिचा धूर परत मांसाला लागतो, आणि खरी चव त्यातच आहे. गॅसवर, तव्यावर मांस शिजतं, पण त्याला हा वास येत नाही.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनी अरुंद, वर कापडी छत, आणि धूर सरळ वरच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. म्हणजे बाल्कनी बाद. गावाकडे ग्रीक माणसाला अंगण असतं, तिथे त्याला कुणाला विचारावं लागत नाही. अथेन्स मात्र पाच-सहा मजली इमारतींचं शहर आहे. गच्ची सगळ्यांची, तिथे सूर्यावर तापणाऱ्या पाण्याच्या टाक्या, अँटेना, कपड्यांच्या दोऱ्या, आणि दाराला कुलूप.

आमचा बेत त्सिक्नोपेम्प्तीचा होता. ईस्टरच्या आधीचा लेंटचा उपास सुरू होतो त्या सोमवारच्या अकरा दिवस आधीचा हा गुरुवार, २०२५ मध्ये तो २० फेब्रुवारीला आला. त्या दिवशी अख्ख्या ग्रीसमध्ये मांस भाजतात. दुकानदार फुटपाथवर शेगड्या मांडतात, ऑफिसातले लोक अंगणात सळ्या फिरवतात, दुपारपासून गल्ल्यागल्ल्यांत तो वास भरून राहतो. म्हटलं, आपणही चार शेजारी बोलावून गच्चीवर करू. जानेवारीतच विचारायला घेतलं, म्हणजे वेळ हाताशी भरपूर होता.

आमच्या इमारतीचा कारभार एका बाहेरच्या कंपनीकडे आहे. दर महिन्याला जिना, लिफ्ट, हीटिंगच्या खर्चाचा कागद दाराखालून सरकवतात तीच. फोन केला. बाई म्हणाल्या, ईमेल करा. ईमेल केला. उत्तर नाही. पुन्हा फोन केला तर म्हणाल्या, तुम्ही भाडेकरू, विनंती मालकाकडून यायला हवी. आमचे घरमालक पात्रा शहरात राहतात, वयस्कर, सज्जन माणूस. त्यांनी लगेच हो म्हटलं. पण कंपनीला तोंडी हो चालेना, अधिकारपत्र हवं. ग्रीसमध्ये २०२० पासून सरकारचं एक सामायिक पोर्टल आहे, त्यावर करखात्याचा पासवर्ड घालून घरबसल्या अधिकारपत्र काढता येतं. मालकांना ते जमेना. मग ते तिथल्या नागरिक सेवा केंद्रात, ज्याला सगळे केप म्हणतात तिथे गेले, सही साक्षांकित केली आणि मला कागद पाठवला. एका सुव्लाकीसाठी ऐंशीच्या घरातला माणूस रांगेत उभा राहिला, याचं मला आजही वाईट वाटतं आणि कंपनीचा रागही येतो.

कागद दिला. आता प्रश्न सुटेल असं वाटलं, तर त्यांनी नवीन काढलं: इमारतीच्या नियमावलीत शेगडीला परवानगी आहे का ते तुम्ही दाखवा. नियमावली तुमच्याकडेच असेल ना, मी विचारलं. म्हणे आमच्याकडे नाही, आम्ही नंतर आलो.

इथे थोडं सांगायला हवं, कारण सगळा घोळ इथेच आहे. ग्रीसमध्ये मजल्यागणिक मालकीचा कायदा १९२९ चा, क्रमांक ३७४१. घर तुमचं, पण जमीन, जिना, गच्ची सगळ्यांची. सामायिक जागा कशी वापरायची हे इमारतीच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. ती सोसायटीच्या फळ्यावर टाचलेली नसते. ती नोटरीपुढे केलेला दस्त असते आणि त्याची नोंद गहाणखतांच्या नोंदणी कार्यालयात होते. ही कार्यालयं अलीकडच्या वर्षांत बंद करून राष्ट्रीय भूनोंदणीत विलीन करत आणली, त्यामुळे जुने दस्त नक्की कुठल्या खिडकीवर मिळतील हे विचारत फिरावं लागतं. ज्या नोटरीने आमचा दस्त केला तो निवृत्त, त्याचं दप्तर दुसऱ्याकडे गेलेलं. त्या दुसऱ्या ऑफिसात गेलो तर मालकाचं अधिकारपत्र फक्त कंपनीच्या नावाने आहे, आमच्या नावाने नाही, असं सांगून परत पाठवलं. म्हणजे पात्राच्या त्या गृहस्थांनी पुन्हा रांग लावायची. मी त्यांना ते सांगितलंच नाही.

त्सिक्नोपेम्प्ती आली. खाली फुटपाथवर खाटकाने शेगडी मांडली, सगळी गल्ली धुराने भरली, आणि आम्ही घरात जेवलो. त्या संध्याकाळी मी खरंच चिडलो होतो. शेगडी पेटवू नका असं कोणीच म्हणत नव्हतं. पेटवा असंही कोणी म्हणत नव्हतं. ज्यांच्याकडे दर महिन्याला पैसे भरतो त्यांना स्वतःचा नियम ठाऊक नव्हता, आणि तो शोधून आणायचं काम माझ्यावर टाकलं होतं.

नियमावली अखेर मिळाली ती तळमजल्यावरच्या आजींच्या कपाटात. इमारत उभी राहिली तेव्हापासूनच्या रहिवासी. जिन्यात भेटल्या, मी रडगाणं गायलं, त्या म्हणाल्या, "पेदी मू (माझ्या मुला), हे आधी मला नाही विचारायचं?" घर घेताना खरेदीखतासोबत त्यांना नियमावलीची प्रत मिळाली होती, आणि त्यांनी ती जपून ठेवली होती. कार्बन कॉपीवर टाइप केलेली, कडा तपकिरी झालेल्या, घडीवर शाई उडालेली पानं. गच्चीच्या कलमात लिहिलं होतं की ती सगळ्यांची आहे, कपडे वाळत घालायला वापरावी, आणि शेजाऱ्यांना आवाज, वास किंवा घाण यांचा त्रास होईल असं काही करू नये. शेगडीचं नाव नव्हतं. बंदी नव्हती आणि परवानगीही नव्हती.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला हाच: कंपनीला फोन करायच्या आधी इमारतीतला सगळ्यात जुना मालक गाठा आणि नियमावलीची प्रत मागा. ते केलं असतं तर हिवाळा वाचला असता.

पान दाखवल्यावर कंपनी म्हणाली, मग सर्वसाधारण सभेत ठराव करा. ग्रीक इमारतीची सभा खाली प्रवेशद्वारात, टपालपेट्यांपाशी, उभ्या उभ्या होते. पहिल्या सभेला गणसंख्या भरली नाही. आजी म्हणाल्या, पहिली कधीच भरत नाही, पुढच्या आठवड्याची पुनर्सभा खरी. तसंच झालं. पुनर्सभेत चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी धुराची हरकत घेतली. त्यांना मी सरळ विचारलं, तुमचे कपडे कधी वाळत असतात? शनिवारी सकाळी, म्हणाले. मग शनिवारी संध्याकाळी, असं ठरलं. अटी अशा: शेगडी टाक्यांपासून आणि छपरापासून लांब, खाली पत्र्याचा ट्रे, शेजारी पाण्याची बादली, जोराचा वारा असेल त्या दिवशी नाही, आणि शांततेच्या वेळा पाळायच्या. त्या वेळा उन्हाळ्यात, म्हणजे १ एप्रिल ते ३० सप्टेंबर, दुपारी ३ ते साडेपाच आणि रात्री ११ नंतर. किल्ली आजींकडे, वापरून परत त्यांच्याच हातात द्यायची. पाच मिनिटांत ठराव झाला. जी गोष्ट पाच मिनिटांत होते तिला एवढे महिने का लागावेत, याचं उत्तर मला त्या कंपनीकडून अजून हवं आहे.

वाऱ्याची अट मला मनापासून पटली. जुलै-ऑगस्टमध्ये इथे मेल्तेमी सुटतो, उत्तरेचा कोरडा वारा, त्या दिवसांत ठिणगी म्हणजे खेळ नाही. उन्हाळ्यात आगीने किती जंगलं जातात ते इथे राहणारा प्रत्येक जण पाहतो.

तोवर लेंट लागलेला. उपासाच्या आठवड्यांत, विशेषतः ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, शेजाऱ्यांच्या नाकाखाली मांस भाजू नये. कोणी तोंडावर बोलणार नाही, पण बरं दिसत नाही. ईस्टर २० एप्रिलला होता, आम्ही त्याच्या पुढच्या शनिवारी शेगडी पेटवली.

आता मांसाचं. खाटकाकडे डुकराच्या मानेचा तुकडा मागा, लेमोस म्हणतात त्याला. मांडीचं मांस स्वस्त आणि देखणं, पण निखाऱ्यावर कोरडं पडतं. मानेत चरबीच्या रेषा असतात, त्याच सळईला वाचवतात. सुव्लाकीसाठी हवं असं सांगितलं की खाटीक स्वतःच तुकडे करून देतो, पण तीन सेंटिमीटरपेक्षा लहान करू नका असं बजावा. मी अथिनास रस्त्यावरच्या वार्वाकिओस बाजारातून आणतो. सकाळी लवकर गेलं तर निवडायला मिळतं.

मॅरिनेशनला एका किलोला अर्धी वाटी ऑलिव्ह तेल, दोन चमचे वाळलेली रिगानी हातावर चुरून, मिरपूड, थोडं लिंबू. बस्स. आपल्या माणसांचा हात आलं-लसणाच्या वाटणाकडे आणि तिखटाकडे जातो, तो आवरा. ज्यांना तंदुरी हवी त्यांनी तंदुरी करावी, पण ग्रीक सळईवर मांस, धूर, रिगानी आणि लिंबू एवढंच लागतं आणि तेवढंच फार सुंदर लागतं. लिंबू जास्त घालून रात्रभर ठेवलं तर मांस वरून पांढरट आणि भुसभुशीत होतं, म्हणून दोन-तीन तास पुरे. मीठ मी भाजून झाल्यावर लावतो, इथल्या भाजणाऱ्यांसारखं.

लाकडी काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा. हे आधी सांगायला हवं होतं.

निखाऱ्यांची घाई करू नका. कोळसा पेटला की जाळ दिसतो आणि हात शिवशिवतात, पण जाळावर मांस बाहेरून काळं आणि आतून कच्चं राहतं. जाळ पूर्ण बसून कोळशावर राखाडी पापुद्रा आला पाहिजे. जाळीच्या थोडं वर हात धरून चार-पाच सेकंदांपलीकडे टिकला नाही की वेळ झाली. सळ्या मांडल्या की थोड्या वेळात चरबी वितळून कडेला बुडबुडे धरते, एक थेंब पडतो, छोटा जाळ उठतो. तेव्हा सळई बाजूला सरकवायची, पाणी मारायचं नाही, नाहीतर राख उडून मांसाला चिकटते. दर दोन मिनिटांनी पलटत दहा-बारा मिनिटांत होतं. शंका असेल तर थर्मामीटर घाला, डुकराला आत ६३ अंश आणि मग तीन मिनिटं थांबणं, कोंबडीला ७४.

सळ्या उतरवताना वरून ब्रशने लादोलेमोनो लावतो: दोन भाग तेल, एक भाग लिंबाचा रस, रिगानी, मीठ, सगळं बाटलीत घालून जोरात हलवायचं. हे ताटातही वाढा. पाइदाक्या, म्हणजे कोकराच्या बरगड्यांच्या चॉप्स, करणार असाल तर त्यांना याशिवाय दुसरं काही लागत नाही. त्या खाण्यासाठी अथेन्सचे लोक मुद्दाम गाडी काढून शहराबाहेर वारी किंवा कालिव्या या गावांपर्यंत जातात. घरी करताना त्या पातळ कापून घ्या आणि हाताने खा.

त्झात्झिकीसाठी ग्रीक घट्ट दही मिळालं तर ठीक, पण महाराष्ट्रात बसून करणाऱ्यांना उत्तम सोय आहे: घरचा चक्का, आंबट नसलेला. काकडी किसून मीठ लावून घट्ट पिळा, पिळलेलं वाटलं तरी पुन्हा पिळा. लसूण, थोडं व्हिनेगर, ऑलिव्ह तेल, शेपू. साखर नको. पितेला तेलाचा हात लावून शेवटच्या मिनिटाला जाळीवर टाका, खुसखुशीत होऊ देऊ नका, गुंडाळताना फाटते.

यीरोस घरी करायचा हट्ट मी धरत नाही. उभ्या सळईवर किलोच्या किलो मांस थरांनी रचलेलं असतं म्हणून तो बाहेरून कुरकुरीत आणि आतून रसरशीत राहतो, घरच्या किलोभर मांसाने ते होत नाही. तो दुकानात खावा.

पहिल्या शनिवारी आजींना वर आणायला लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच होती, पुढचा जिना त्या धरून धरून चढल्या. दोन सळ्या खाल्ल्या, रिगानी कमी आहे म्हणाल्या. ती खरंच कमी होती, आता किलोला अडीच चमचे घालतो. हरकत घेणारे चौथ्या मजल्यावरचे गृहस्थही आले, येताना स्वतःची चिमटा-जाळी घेऊन. मग मे संपेपर्यंतचे शनिवार त्यांनी आणि आम्ही वाटून घेतले, आणि ठरावाची एक प्रत मी प्लास्टिकच्या कव्हरात घालून गच्चीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावली आहे. इमारतीत नवीन येणाऱ्याला कंपनीला फोन करायची गरज पडू नये.